गाण्यावर शिक्का कोणाचा?

२०१२ च्या जानेवारीत लेनर्ड कोहेनचा ‘ओल्ड आयडियाज’ हा अल्बम आला तेव्हा तो ७७ वर्षांचा होता. अल्बममधलं पहिलंच गाणं ‘गोइंग होम’. त्यात एक ‘मी’ बोलतो, पण तो ‘मी’ म्हणजे लेनर्ड नव्हे. तो लेनर्डविषयी बोलतो, प्रेमाने आणि थोडं दटावूनही. हा लेनर्ड त्याच्या लेखी सूट घालून वावरणारा एक आळशी गडी आहे. जे सांगावं ते त्याने फक्त बोलून दाखवायचं. म्हणजे आवाज लेनर्डचा, शब्द लेनर्डच्या तोंडचे आणि बोलविता मात्र वेगळाच. तो कोण, हे गाणं शेवटपर्यंत सांगत नाही.

अभंगावर वाढलेल्या कानाला यात परकं काही वाटणार नाही. तुकोबांनी आपल्या बोलण्याचं श्रेय किती वेळा पांडुरंगाकडे सोपवलं आहे! पण माँट्रियलमध्ये जन्मलेल्या, ज्यू घरात वाढलेल्या, रॉकच्या दुनियेत आयुष्य काढलेल्या माणसाबद्दल मी सोलापुरात बसून लिहितो आहे, त्याचं कारण एवढ्या साम्यापुरतं नाही. ‘करणारा मी नव्हे’ ही गोष्ट समजून घ्यायला कोहेन ज्यांच्यासमोर मुंबईत जाऊन बसला, त्यांची गुरुपरंपरा सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून गेलेली आहे. आपल्याकडे हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

ते खेडं पाथरी. साईबाबांशी नाव जोडलं जातं ती परभणी जिल्ह्यातली पाथरी वेगळी. आपल्या पाथरीत १८८८ साली सिद्धरामेश्वर महाराजांचा जन्म झाला. सोलापूरच्या ग्रामदैवताचंच हे नाव. १९०६ मध्ये विजापुरात त्यांना भाऊसाहेब महाराज उमदीकर भेटले आणि त्यांच्याकडून त्यांनी नाम घेतलं. भाऊसाहेब मूळचे जत भागातल्या उमदीचे. त्यांचे गुरू निंबर्गीचे महाराज आणि मठ इंचगेरीला. त्याच परंपरेतले तत्त्वज्ञ गुरुदेव रा. द. रानडे यांचा आश्रम निंबाळला. होटगीहून विजापूरकडे जाणाऱ्या रेल्वेने जा, निंबाळ स्टेशन लागतंच. उमदी, इंचगेरी, निंबर्गी, निंबाळ, पाथरी ही सारी नावं सोलापूरच्या एका दिवसाच्या टापूतली आहेत. भोवतालची बोली बरीचशी कन्नड, तरी मठांतून दासबोध वाचला जातो आणि मराठी भजनं म्हटली जातात. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी कानावर घेत मोठ्या झालेल्या सोलापूरकराला याचं नवल वाटत नाही.

१९१४ मध्ये भाऊसाहेब गेले. नामाचं दीर्घ, नेमाचं ध्यान हा त्यांचा मार्ग होता. सिद्धरामेश्वरांनी त्यापुढे पाऊल टाकायचं ठरवलं. ध्यान ही पहिली पायरी आहे, ऐकून आणि विचार करूनही पुढे जाता येतं, असं त्यांचं म्हणणं. गुरुबंधूंना ते सहज पटलं नाही. मुंगीची वाट आणि पाखराची वाट, पिपीलिका आणि विहंगम, अशी ही दोन नावं परंपरेत आहेत. मुंगी फांदीफांदीने चढते, पाखरू उडून थेट फळावर बसतं. शब्द ऐकायचा, तो मनात फिरवायचा, त्याच्या उजेडात स्वतःकडे पाहायचं आणि काम झालं की शब्दही टाकून द्यायचा, अशी ही विहंगमाची रीत. गाण्यातल्या शब्दांत परमार्थ सापडतो का, या प्रश्नाचा विचार करायला याहून चांगली जागा मला दिसत नाही.

सिद्धरामेश्वर महाराजांच्या ‘अध्यात्मज्ञानाची गुरुकिल्ली’ या पुस्तकात गोमाजी गणेशाची एक गोष्ट आहे. अंधेरी नावाच्या गावात गोमाजी गणेश नावाच्या माणसाने एक वहिवाट पाडली. ‘गोमाजी गणेश, पितळी दरवाजा’ असा शिक्का असल्याशिवाय कोर्टाचा कुठलाच कागद कायदेशीर मानायचा नाही. बघता बघता साऱ्या गावाचे कागद त्या शिक्क्याने चालू लागले. पुढे एकदा शिक्का नसलेला एक कागद पुराव्यात आला. बाकी सगळं बरोबर, पण शिक्का नाही, म्हणून हरकत घेतली गेली. तेव्हा कोणीतरी धीर करून विचारलं, हा गोमाजी गणेश आहे तरी कोण? चौकशी झाली आणि असं निघालं की त्या शिक्क्याला कसलाच अधिकार नाही. कधीतरी, कोणाच्या तरी ढिलाईत तो सुरू झाला आणि सगळे मानत गेले. महाराज म्हणतात, ‘मी’ तसाच आहे. जेवलो मी, झोपलो मी, दुखलं मला, जिंकलो मी. प्रत्येक कागदावर शिक्का आहे आणि शिक्क्याचा मालक शोधायला गेलं तर कोणी नाही. पुढे पुस्तक स्थूल, सूक्ष्म, कारण, महाकारण असे चार देह एकेक करून तपासायला लावतं. ते वाचायला कष्ट पडतात. गोमाजी गणेश मात्र एकदा भेटला की डोक्यातून जात नाही.

१९३३ मध्ये मुंबईच्या खेतवाडीत विडीचं दुकान चालवणारे मारुती शिवरामपंत कांबळी सिद्धरामेश्वरांकडे आले. मूळ सिंधुदुर्गातल्या कांदळगावचे, शिक्षण बेताचं. तेच पुढे निसर्गदत्त महाराज झाले. गुरुसहवास जेमतेम तीन वर्षांचा, कारण ९ नोव्हेंबर १९३६ रोजी वयाच्या ४८ व्या वर्षी सिद्धरामेश्वरांनी देह ठेवला. दुसऱ्या वर्षी निसर्गदत्त सगळं सोडून हिमालयाच्या वाटेने निघाले, काही महिन्यांनी परतले आणि उरलेल्या एका दुकानावर संसार चालवू लागले. विडी वळणाऱ्या हजारो बायकांच्या घामावर ज्या शहराची चूल पेटते, त्या सोलापूरने हे आवर्जून लक्षात ठेवावं: जगभरातले साधक ज्यांच्याकडे येत, ते गुरू विडीच्या धंद्यातले होते आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. घरातल्या माळ्यावर बसून ते मराठीत बोलत, दुभाषे ते इंग्रजीत सांगत. औंध संस्थानच्या स्वराज्याच्या प्रयोगात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याने ती बोलणी इंग्रजीत उतरवली. १९७३ मध्ये ‘आय ॲम दॅट’ हे पुस्तक निघालं आणि खेतवाडीची गल्ली जगाला ठाऊक झाली.

निसर्गदत्तांकडे दुभाष्याचं काम करणाऱ्यांत रमेश बाळसेकर होते. लंडनमध्ये शिकलेले, बँक ऑफ इंडियाच्या सर्वोच्च पदांपैकी एकावरून निवृत्त झालेले. १९८१ मध्ये निसर्गदत्त गेल्यावर बाळसेकर स्वतः बोलू लागले. वॉर्डन रोडजवळच्या त्यांच्या घरी सकाळी माणसं जमत. सांगणं थोडक्यात असं: घटना घडतात, कर्म होतं, पण ते करणारा असा स्वतंत्र कोणी नसतो. आपण फक्त नंतर शिक्का मारतो. गोमाजी गणेशच पुन्हा, बँकेतल्या माणसाच्या नेटक्या भाषेत.

१९९९ च्या सुरुवातीला कोहेन इथे आला. त्याआधी कितीतरी वर्षं तो लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवरच्या झेन मठात राहिला होता. १९९६ मध्ये त्याने भिक्षूची दीक्षाही घेतली होती. तरुणपणापासून त्याला नैराश्याने ग्रासलं होतं. औषधं, मद्य, प्रेमप्रकरणं, पहाटेची ध्यानं, सगळं करून झालं होतं. मठात असताना बाळसेकरांचं पुस्तक हाती पडलं आणि मठ सोडून तो मुंबईला आला. केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात उतरायचं, सकाळी बाळसेकरांकडे जाऊन बसायचं, ब्रीच कँडीला पोहायचं, खोलीवर लिहायचं. पुढच्या काही वर्षांत तो पुन्हा पुन्हा येत राहिला. त्याने धर्म बदलला नाही, झेनगुरूंशी नातं तोडलं नाही, आपण ज्यू आहोत हेच तो सांगत राहिला. तो शिष्य नव्हता, श्रोता होता. विहंगमाच्या वाटेवर श्रोता असणं हीच मोठी गोष्ट आहे.

त्या सुमारास त्याचं नैराश्य ओसरलं आणि परत आलं नाही. कारण विचारलं की तो बाळसेकरांचं नाव घेई. त्याच दमात हेही सांगे की वय वाढलं की चिंतेशी संबंधित मेंदूपेशी मरतात असं कुठेतरी वाचलं आहे, तसंही झालं असेल. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. ज्याला चमत्कार विकायचा असता, त्याने हे दुसरं कारण सांगितलंच नसतं.

इथे आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण असे धागे जुळले की माणसाला सगळंच जुळवायचा मोह होतो. कोहेनचं सर्वांत गाजलेलं गाणं ‘हालेलूया’ १९८४ चं आहे, म्हणजे मुंबईच्या पंधरा वर्षं आधीचं. त्यावर पाथरीचा, खेतवाडीचा काहीही हक्क नाही. ते ज्या अल्बममध्ये होतं, तो अमेरिकेतल्या त्याच्या कंपनीने आधी काढायचंच नाकारलं होतं. पुढे १९९१ मध्ये जॉन केलने आणि १९९४ मध्ये जेफ बकलीने ते गायलं आणि हळूहळू जगभर पसरलं. आज ते लग्नातही गातात आणि अंत्यविधीलाही.

हे गाणं प्रार्थना आहे का? त्यात दावीद राजा आहे. गच्चीवर न्हाणाऱ्या स्त्रीला पाहून ढळलेला, तरी देवाचा लाडका गायक. त्यात सॅमसनचे कापलेले केस आहेत, उतरलेलं प्रेम आहे, देहाची ओढ आहे. पहिल्या कडव्यात तर शब्द ज्या स्वरांची नावं घेतात, तेच स्वर त्या क्षणी वाजतात. ही कारागिरी ज्याने केली, त्याला आपण काय करतो आहोत हे पुरतं ठाऊक होतं. हरलेल्या माणसाने केलेली स्तुती असा ह्या गाण्याचा अर्थ मी लावतो. देवाचं नाव आहे म्हणून ते आध्यात्मिक ठरत नाही. शृंगार आणि शरणागती एकाच चालीत उभी केली आणि एकीसाठी दुसरीला खोटं पाडलं नाही, म्हणून ते आध्यात्मिक आहे. आपल्या विराण्या आणि गौळणी हेच करतात. नाथांची भारुडं बाजारातली सोंगं आणून परमार्थ सांगतात, पण शेवटी किल्ली हाती देतात. कोहेन किल्ली देत नाही. ती ऐकणाऱ्याने घडवायची.

ढोलकीवरचं, देहाचं, लोकांच्या तोंडचं गाणं परमार्थ पेलू शकतं का, हा प्रश्न सोलापूरला नवा नाही. राम जोशी याच गावचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुराणिकाच्या घरात जन्मलेला हा संस्कृत जाणणारा ब्राह्मण तमाशाच्या फडात उभा राहिला, घरच्यांचा रोष पत्करला, उत्तान लावण्याही लिहिल्या आणि वैराग्याच्याही. पुढे कीर्तनाला उभे राहून त्यांनी मोरोपंतांच्या आर्या घरोघरी पोचवल्या. १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’ या चित्रपटामुळे त्यांचं नाव टिकलं खरं, पण चित्रपटाला फडातला रंगेल शाहीर अधिक भावला. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की फडातला आणि कीर्तनातला माणूस एकच होता. लावणीत सही करताना ते स्वतःला ‘कविराय’ म्हणत.

त्याच्याही सहाशे वर्षं मागे गेलं तर बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, ज्यांचं देऊळ आणि तळं हे सोलापूरचं हृदय आहे. शिवशरणांपैकी एक, कन्नड वचनकार. त्यांनी तळं खोदवलं, लिंगं स्थापली. अल्लमप्रभू आले आणि त्यांनी विचारलं की ही सगळी दगडमाती कोणासाठी, आत काय खोदलंस? त्या भेटीनंतर सिद्धराम कल्याणला शरणांमध्ये गेले. त्यांच्या वचनांवर त्यांचं स्वतःचं नाव नसतं. तिथे ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ हे देवाचं नाव असतं. वचनात सही देवाची, अभंगात संताची, लावणीत कविरायाची. कोहेननेही १९७१ च्या ‘फेमस ब्लू रेनकोट’ या पत्ररूपी गाण्याच्या अखेरीस स्वतःच्या नावाची सही केली होती. आणि चाळीस वर्षांनी ‘गोइंग होम’मध्ये त्याने सही दुसऱ्याच्या हाती दिली, लेनर्ड हे नाव त्या दुसऱ्याच्या तोंडी घातलं. मधल्या काळात तो मुंबईला जाऊन आला होता. ‘इफ इट बी युअर विल’ हे शरणागतीचं गाणं त्याने १९८४ मध्येच लिहिलं होतं, तेव्हा बीज आधीचं होतं हे मान्य. पण १९८४ मध्ये शरण जाणारा ‘मी’ उभा आहे, विनवतो आहे. २०१२ मध्ये तो ‘मी’ बाजूला सरला आहे. माझ्या कानाला हा फरक स्पष्ट ऐकू येतो.

रॉकमध्ये अध्यात्म शोधणाऱ्यांची वाट १९६८ मध्ये बीटल्स ऋषिकेशला गेल्यापासून प्रशस्त झाली. १९७० मध्ये जॉर्ज हॅरिसनने ‘माय स्वीट लॉर्ड’ गायलं. त्यात हालेलूया आणि हरे कृष्ण एकाच समूहस्वरात येतात, गुरुस्तोत्रही येतं. ते सरळ नामसंकीर्तन आहे आणि त्याची गोडी कमी नाही. आपल्याकडे मुंबईचा ‘द अभंग रिपोस्ट’ हा बँड गिटार आणि ड्रमवर अभंग गातो, तरुण पोरं त्यावर डोलतात, याचा मला आनंद आहे. अरुण कोलटकरांच्या कानात तर तुकोबा आणि अमेरिकी ब्लूज शेजारी शेजारी नांदत होते. ते पखवाज शिकले, तुकोबांना इंग्रजीत नेलं आणि १९७३ मध्ये स्वतः रचलेली इंग्रजी गाणी गाऊन ध्वनिमुद्रितही केली. मराठी माणसाला ही दोन घरं जोडायला पूल बांधावा लागत नाही, याचा कोलटकर हा पुरावा आहे.

पण शब्दांत अर्थ शोधण्याला एक काळी बाजूही आहे. ऋषिकेशच्या मुक्कामात बीटल्सनी बरीच गाणी लिहिली आणि त्यांतली पुष्कळशी १९६८ च्या त्यांच्या पांढऱ्या वेष्टनाच्या अल्बममध्ये आली. त्याच अल्बममधल्या ‘हेल्टर स्केल्टर’ या गाण्यात चार्ल्स मॅन्सन नावाच्या माणसाला येऊ घातलेल्या संहाराचा संदेश ऐकू आला. १९६९ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या अनुयायांनी दोन रात्रींत सात जणांचे खून केले. गाणं होतं घसरगुंडीवरचं. श्रवण झालं, विवेक झाला नाही. गाण्यातून जो अर्थ ‘मी’ला फुगवतो, मला निवडलं आहे, मलाच कळलं आहे असं कानात सांगतो, तो अर्थ संशयानेच पाहावा. ‘मी’ला थोडा सैल करणारा अर्थ जवळ ठेवावा. पाथरीच्या महाराजांच्या शिकवणुकीतून मी तरी हीच कसोटी घेतली आहे.

कोहेनची दोन गाणी या कसोटीवर विशेष उतरतात. दोन्ही २००१ च्या ‘टेन न्यू साँग्ज’मधली, मुंबईनंतरची. ‘लव्ह इटसेल्फ’मध्ये खिडकीतून ऊन आत येतं, त्या तिरिपेत धूळ नाचताना दिसते आणि आपणही त्याच धुळीतून नाव मिळालेले, एवढंच गाणारा पाहतो. शेवटी प्रेमही निघून जातं आणि तक्रार उरत नाही. चार देह पार करून ज्ञानही टाकून द्यायला सांगणारं ‘गुरुकिल्ली’चं शेवटचं प्रकरण वाचल्यावर हे गाणं ऐकलं, तर शेवटचं कडवं वेगळं लागतं. दुसरं ‘बूगी स्ट्रीट’. शिखरावरचा क्षण ओसरला की माणूस पुन्हा बाजारपेठेत, धंद्यात, वासनेत परततो, आणि हे परतणं म्हणजे हार नव्हे, असं ते गाणं. हिमालयाच्या वाटेवरून खेतवाडीच्या दुकानात परतलेले निसर्गदत्त मला इथे आठवतात. कोहेनलाही परतावं लागलं. मठात असताना त्याची जन्माची पुंजी जवळच्या माणसाने संपवली होती. २००८ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, तो पुन्हा रंगमंचावर उभा राहिला, गुडघे टेकून गायला आणि अनेक वर्षं गातच राहिला. ७ नोव्हेंबर २०१६ रोजी तो गेला. त्याच्या आधी थोडेच दिवस त्याच्या हयातीतला शेवटचा अल्बम आला होता, ज्यात माँट्रियलमधल्या त्याच्या घराण्याच्या सिनेगॉगचे गायक त्याला साथ करतात. तो जिथून निघाला होता तिथलेच सूर शेवटी सोबतीला होते, आणि पाथरीच्या परंपरेला यात आपला पराभव वाटण्याचं कारण नाही. तिने कोणाला आपलं घर सोडायला कधी सांगितलंच नव्हतं.

सोलापुरातल्या तरुण वाचकांना माझी एक विनंती आहे. कानात इअरफोन आहेतच, तर ‘गोइंग होम’ आणि ‘लव्ह इटसेल्फ’ ही दोन गाणी ऐका. शब्द समोर ठेवून, घाई न करता ऐका. मग ‘अध्यात्मज्ञानाची गुरुकिल्ली’ मिळवा आणि गोमाजी गणेशाची गोष्ट वाचा. ते पुस्तक तुमच्याच भाषेत आहे आणि ज्यांचं ते आहे, ते तुमच्याच जिल्ह्यातले.